पीळ पडलेली टाचण्यांची माळ

टिण्ण! दुपारच्या मुक्या घरात फरशीवर एक टाचणी पडली.

मित्रांनो, ती माझी होती. शिवणाच्या बारीक रबरात ओवलेल्या सत्तर टाचण्यांची मी जुनी माळ. आज टाचण्या गंजल्यात आणि रबर कडक झालंय.

माझा जन्म कोल्हापूरचा, १९७६ सालचा. मालनताई कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायच्या, संशोधनही करायच्या. एका ओळीत एकमेकांना बांधलेले पुष्कळ कण असतात. ऊब मिळाली की ते थरथरतात. थरथरता थरथरता एखादा उलटा होतो, शेजारच्याला ओढतो, आणि ओळीत एक पूर्ण पीळ पडतो. किती उबेला किती पीळ पडतील, हे शक्यतांच्या गणिताने सांगायचं, एवढाच त्यांचा विषय. मुलांना तो डोळ्यांनी दिसावा म्हणून त्यांनी मला करायला दिलं, साजाचे मणी ओवणाऱ्या नबीलाल पटवेकऱ्याकडे.

त्याने माझी दोन्ही टोकं गाठ मारून जोडून टाकली.

"नबीलालभाई, टोकं मोकळी ठेवा म्हटलं होतं की!"

"म्हटलंसा, खरं. पण उघडी माळ सवाशिणीच्या हातात कशी देऊ, ताई? आमच्या हातनं न्हाय व्हायचं."

वर त्याच्या बोटांची सवय अशी, की गाठीआधी धाग्याला एक पीळ द्यायचाच. तो माझ्यात अडकला. मोकळ्या माळेतला पीळ सरकत सरकत टोकावरून निघून जातो. मला टोकच नव्हतं.

ताई नुसत्या हसल्या. पाटाला चार उंच खुंट्या ठोकून त्यांनी मला ताणून बसवलं. माझ्या टाचण्या माना खाली घालून लोंबायच्या, पीळ असेल तिथे तेवढ्या गोल फिरून वर यायच्या. वर्गात मुलं मला बघायला बाकांवर चढायची. घरी ताईंचे यजमान आकारामराव हट्टाला पेटायचे. "आज पीळ काढतोच. भेळंची पैज!" बोटाने ते पीळ ढकलत न्यायचे, आणि तो फेरी मारून परत त्यांच्यापुढे यायचा. शेवटी म्हणाले, "मालन, ही तुझ्याच वळणाची हाय बघ. सुंभ जळंल, पण पीळ जायचा न्हाय." आणि भेळ आणायला गेले.

त्या श्रावणात त्यांना ताप आला. आठ दिवसांत ते गेले.

त्यांच्या बोटाने सोडलेला पीळ तिसऱ्या खुंटीपाशी होता. ताईंनी मला अलगद कपाटावर ठेवलं. मग त्या कॉलेजात जात राहिल्या, भाकऱ्या थापत राहिल्या, लेकीची, बकुळाची, वेणी घालत राहिल्या. रडल्या नाहीत. गणिताची वही उघडली नाही. सासूबाई चिमणाबाई एकदा म्हणाल्या, "अगं, त्या माळंवरची धूळ तरी झाड."

"असू द्या, आत्याबाई."

उन्हाळ्यात वरचा पत्रा तापला, माझं रबर आक्रसलं आणि पीळ दोन टाचण्या पुढे सरकला. ताई किती तरी वेळ बघत उभ्या राहिल्या. ओळीला जरा जरी ऊब असली तरी तिच्यात काहीच कायम एका जागी राहत नाही, हे त्यांच्याच वहीत लिहिलेलं होतं. तरी मला ऊब लागू नये म्हणून त्यांनी माझ्यावर ओलं फडकं घातलं. रोज घालू लागल्या. त्यानेच मी गंजले.

मित्रांनो, जपणं म्हणजे हात न लावणं नव्हे. आवडती वस्तू वापरा, पुसा, मोडली तर सांधा. मला कुणाचं तरी बोट हवं होतं.

आज, दोन वर्षांनी, ते आलं. सहा वर्षांची बकुळा स्टुलावर चढली आणि तिने बाबांसारखा पीळ ढकलला. गाठीपाशी रबर तुटलं, एक टाचणी खाली पडली. घाबरून तिने माझी दोन्ही टोकं दोन हातांत धरली. पिठाच्या हातांनी ताई धावत आल्या, तोवर पीळ सरकत तिच्या चिमटीपर्यंत पोहोचला होता. टोक तिच्या बोटांतच एकदा गर्रकन फिरलं. सगळ्या टाचण्या खाली माना घालून गप्प झाल्या.

"आई, पीळ गेला!"

"टोकावरून गेला, बाळा." ताई वर्गात म्हणायच्या, अगदी तसंच म्हणाल्या.

बकुळाने मूठ उघडून पाहिली. मग फरशीवर पाहिलं.

"पण गेला कुठं? बाबांनी ठेवलेला न्हवं त्यो?"