लाल म्हणजे बंद

कॅमेऱ्याचं लाल बटण एका बाजूने झिजलेलं होतं, बाबांच्या अंगठ्याने, आणि तिने त्या खोलगट जागेत आपला अंगठा ठेवून पाहिला तर तो नीट बसेना... कॅमेरा कधीचाच बंद पडलाय. त्याच्या पोटातलं नखाएवढं कार्ड मात्र चालतं, आणि सकाळपासून ती त्यातले तुकडे कॉम्प्युटरवर एकामागे एक लावते आहे. जुन्या पद्धतीच्या फाइली. टीव्ही त्यांना ओळखच दाखवत नाही. म्हणूनच इतकी वर्षं त्या कुणी पाहिल्या नव्हत्या – ‘नंतर बघू’ म्हणून खणात गेल्या त्या गेल्याच. आता सगळे तुकडे जोडायचे, टीव्हीला कळेल अशा एका फाइलमध्ये बदलायचे, पेनड्राइव्हवर घालायचे. आई गेल्यापासून बाबांनी मागितलेली ही एकच गोष्ट. “तिला जरा मोठ्या पडद्यावर बघतो,” असं म्हणाले होते, जेवताना, ताटाकडे बघत.

पण तुकड्यांमध्ये आईचं हसू टिकतच नव्हतं.

आधी तिला काही उलगडेना. पहिल्या तुकड्यात आईच्या ओठांवर हसू – आणि ते विझतंय. मग जमीन, बाबांचे बूट, कुणाच्या तरी चपला, पिशवीतला अंधार. दुसऱ्यात पुन्हा विझणारं हसू, पुन्हा जमीन. तिसऱ्यात आई विचारते, “झालं का हो? केलंत बंद?” आणि बाबांचा तरुण आवाज म्हणतो, “हो, लाल दिवा लागला ना!” तेव्हा कुठे तिच्या डोक्यात प्रकाश पडला. जन्मभर कारखान्यात मशीन चालवलेला माणूस – हिरवं चालू, लाल बंद. कॅमेऱ्यात मात्र लाल दिवा म्हणजे चित्रण चालू. दिवा लागलेला नसेल तेव्हा कॅमेरा चालू आहे असं समजून ते समोरचं सगळं डोळे भरून टिपायचे, आणि मग थांबवण्यासाठी बटण दाबायचे... की तिथून पुढे तो टिपायला लागायचा.

दादाला फोन केला तर तो आधी खो खो हसला. “म्हणजे बाबांनी अख्ख्या खानदानाच्या चपला अमर केल्या की गं!”

“दादा, आई प्रत्येक वेळी हसू संपवताना दिसते.”

पलीकडचं हसणं थांबलं. मग, “कापून टाक ते. चांगलं तेवढं ठेव.”

“चांगलं टिपलंच गेलं नाहीये.”

“मग बाबांना सांग, कार्ड खराब झालं. उगाच म्हातारपणी त्यांच्या जिवाला घोर कशाला?”

कार्ड खराब झालं... सोपं होतं तसं. ती मात्र तुकडे पुन्हा पुन्हा बघत राहिली. हसू गेल्यावरचा तो चेहरा दुःखी म्हणावा तर तसाही नव्हता. जड पिशवी खाली ठेवल्यावर हात दिसतो तसा – रिकामा, थोडा लालसर, स्वतःतच. भेटायला आलेला जो तो म्हणाला होता, किती हसतमुख होती हो तुमची आई, आणि मीही मान हलवत होते, मलाही तेच वाटत होतं. मग ही कोण? हिला मी कधी पाहिलं होतं? स्वयंपाकघरात पाठमोरी असायची तेव्हा तिचा चेहरा असाच असायचा का – आणि आम्ही हाक मारली की ती तो बदलून वळायची?

बाबांनी हे बघायचं... लागोपाठ, मोठ्या पडद्यावर.

तुकडे जोडायच्या प्रोग्रॅममध्ये एका कोपऱ्यात ‘उलट चालवा’ असा पर्याय होता. तिने एका तुकड्यावर तो सहज करून पाहिला. आईचा आवाज कुठल्यातरी अनोळखी भाषेत गेला. तो तिने बंद केला. आणि मग त्या रिकाम्या चेहऱ्यावर हळूहळू हसू आलं. आलं आणि थांबलं. तिला रडूच फुटलं – कितीतरी दिवसांनी, आणि तेही अशा बनावट गोष्टीवर. मग तिने सगळेच उलटे केले, चपला कापल्या, तुकडे सांधले, आणि ‘बदला’ या बटणावर टिचकी मारली. पट्टी मुंगीच्या पावलांनी भरत गेली. कुणाचं काय बिघडतंय, असं ती स्वतःला समजावत होती...

“झालं का गं?” बाबा दारात उभे होते.

ती नाही म्हणणार होती. पण ते येऊन खुर्चीच्या पाठीला धरून उभे राहिले, तोवर पट्टी भरून फाइल आपोआप सुरू झाली आणि पडद्यावर आई हसायला लागली होती. एकदा. दुसऱ्यांदा. बाबांनी चष्मा सारखा केला.

“हिचं हसू असं नाही यायचं,” ते म्हणाले.

तक्रार नव्हती त्यात; मशीनचा आवाज बदलला की सांगायचे, तसंच सांगितलं.

“म्हणजे?”

“हे ओठांपासून सुरू होतंय. तिचे आधी डोळे हसायचे. मग बराच वेळ काहीच नाही, नुसतं दाबून धरायची – मी म्हणायचो, अगं हस की, सुट्टी संपेल! मग इथे,” त्यांनी डाव्या गालावर बोट टेकवलं, “आणि ओठ सगळ्यात शेवटी. हे बघ, अशी...”

आणि ते करून दाखवायला लागले. सुरकुतलेला, दाढीचे खुंट वाढलेला तो चेहरा. त्यात आधी डोळे बारीक झाले, मग ते थांबले – बराच वेळ, जसं सांगितलं तसंच – मग डावा गाल. आईच होती ती. क्षणभर, अगदी तीच.

“कळलं?” ते म्हणाले, आणि तो चेहरा पुसला गेला.

आईचं ते हसू. कार्डावर नाही, या फाइलीत नाही, कशातच नाही. जेवढं काही आहे ते या एका माणसाजवळ, जो आता खोकत पाण्याचा पेला शोधतो आहे. इतके दिवस तिला फक्त दुःख होत होतं. आता भीती वाटायला लागली. ती मनातल्या मनात बाबांचं वय मोजायला लागली, आणि मध्येच – नको, असं म्हणून – थांबली.