दोन जिल्ह्यांमधला पलंग

नकाशावर दोन जिल्ह्यांमधली रेघ सुतासारखी सरळ येते. एका जागी फाटते, पापणीसारखी उघडते. मग पुन्हा एक होऊन चालू लागते.

पलंगाखालच्या बुटांवर दुकानाची चिठ्ठी अजून तशीच.

मोजणीवाल्यांचा जुना नेम: माणूस आडवा पडला असेल तर जमीन मोजायची साखळी त्याच्यावरून न्यायची नाही. वळसा घालायचा.

डॉक्टर तेव्हा म्हणाले होते, याची आजची रात्र निघणार नाही.

*

मोजणीदार दारात आला तेव्हा म्हातारी चमच्याने पाणी पाजत होती. पलंगावर पंचविशीतला मुलगा, डोळे मिटलेले.

"मावशी, हद्द सरळ करायची ऑर्डर आहे. मुलाला जरा बाजूच्या खोलीत नेता?"

"नवरा आहे माझा."

तो हसला. ती हसली नाही. तिने भिंतीवरचा लग्नाचा फोटो दाखवला. फोटोतला नवरा आणि पलंगावरचा, काडीचा फरक नव्हता. नवरी मात्र ओळखू येत नव्हती.

"जिल्हे वेगळे झाले तेव्हा हा शेवटच्या घटका मोजत होता," ती म्हणाली. "एका जिल्ह्याची साखळी उशाकडून वळली, दुसऱ्याची पायथ्याकडून. मधे राहिला पलंग. मृत्यूचा दाखला द्यायला जिल्हाच नाही म्हटल्यावर मरण तरी कशाला येतंय? ऑफिसात हेलपाटे घालायला?"

मोजणीदाराने खांद्यावरची साखळी सावरली. "मी नाही ही रेघ ओढणार. साहेबांना सांगतो, आहे तशी राहू द्या."

तिने सुटकेचा निःश्वास टाकला.

"ओढा," पलंगावरून आवाज आला.

"तुम्ही गप्प बसा हो. ताप आहे तुम्हाला."

"थकलीस तू. उद्या गेलीस, की माझ्या तोंडात पाणी कोण घालणार? मी तर जाणारच नाही. असाच पडून राहीन. घर पडेल, तरी."

ती बराच वेळ पदराने चमचा पुसत राहिली. पुसून झालेला चमचा पुन्हा पुसला.

"तो नेम तुमचा," शेवटी ती मोजणीदाराला म्हणाली. "मला कुणी घातलेला नाही. द्या इकडे. तुम्ही नुसतं ते टोक धरा, की तेही जमायचं नाही तुम्हाला?"

त्याने टोक धरलं आणि तोंड फिरवलं. तिने साखळी पलंगावरून नेली आणि हळूच टेकवली, झोपलेल्याला पांघरूण घालावं तशी.

आधी त्याचे केस पांढरे झाले. मग गाल बसले, हातांवर शिरा आल्या. बघता बघता तो तिच्या वयाला येऊन पोचला. क्षणभर दोघं बरोबरीची दिसली. तिने त्याच्या कपाळावर हात ठेवला, तोवर श्वास थांबला होता.

लग्नाच्या आदल्या वर्षी, तिला नुसतं बघायचं म्हणून, तो नदीपलीकडून सायकल मारत आला होता.