खिडकीबाहेरचा फ्लॅश

भगवंत साळोखे मूळचा कऱ्हाडकडचा. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत सहा वर्षं कापड रंगवण्याच्या हौदांवर काढली, मग नोकरी सोडून त्याने बोईसरच्या बाजारात फोटो स्टुडिओ टाकला. कॅमेरा एकच, जुना रशियन झेनिट. वजनाला वरवंटा, पण आत सेल नाही की मोटर नाही, सगळं स्प्रिंगवर चालणारं. सोबत चार पेन्सिल सेलवर चालणारा फ्लॅश.

फ्लॅशचं गणित त्याला तोंडपाठ होतं. समोरच्या माणसापर्यंतचं अंतर बघायचं, फ्लॅशवर लिहिलेल्या आकड्याला त्या अंतराने भागायचं आणि उत्तर येईल तेवढ्यावर लेन्स उघडायची. शटर मात्र तीसच्या, म्हणजे सेकंदाच्या तिसाव्या भागाच्या, वर न्यायचं नाही; त्याहून जलद झालं की फ्लॅश उडतो तेव्हा कॅमेऱ्यातला पडदा अर्धाच उघडलेला असतो. नवापूरला पहिल्याच लग्नात तो हे विसरला होता. डायल सव्वाशेवर राहिली आणि रोल धुतल्यावर नवऱ्याशेजारी नवरीऐवजी काळा पडदा निघाला. त्या घरी जाऊन त्याला माफी मागावी लागली होती. तेव्हापासून डायल बघितल्याशिवाय त्याचं बोट बटणावर जात नसे.

शहाऐंशी सालच्या नोव्हेंबरात कुंभवलीच्या बाजूच्या एका औषधाच्या कारखान्यातून त्याला बोलावणं आलं. माहितीपुस्तक छापायचं होतं, त्यासाठी यंत्रांचे फोटो हवे होते. मॅनेजर चुरीसाहेब त्याला स्वतः फिरवत होते. ऑफिस झालं, प्रयोगशाळा झाली, बॉयलर झाला. फ्लॅश कीं करून चार्ज व्हायचा, लाल दिवा लागायचा आणि लख्ख उजेड पडायचा.

"आता आमचा मोठा रिअ‍ॅक्टर," चुरीसाहेब म्हणाले. "पुस्तकाच्या कव्हरवर तोच जाणार."

शेडचं दार उघडताच भगवंतच्या नाकात गोडसर, डोकं हलकं करणारा वास शिरला. आत अंधारच होता. जाड काचेच्या टोपणातले दोनतीन दिवे, आणि मधोमध पुरुषभर उंचीचं स्टीलचं पिंप. तिघे कामगार नवे गणवेश घालून त्याच्या बाजूला उभे राहिले होते. भगवंतने स्टँड लावला, कॅमेरा बसवला आणि फ्लॅशची वायर कॅमेऱ्याच्या भोकात घालायला घेतली.

"भाऊ, ती बत्ती हिथं नको."

झाडू हातात धरलेला एक चाळिशीचा माणूस दाराजवळ उभा होता. तो बुधा, डोंगराकडल्या पाड्यावरचा, इथे आठ वर्षं हेल्पर होता.

"काय झालं?" भगवंतने विचारलं.

"वास येतोय ना? त्यो वास पेट घेतो. आमी हिथं खिळ्याच्या चपला पन घालत नाय." बुधाने बाही वर केली. कोपरापासून मनगटापर्यंत कातडी चुरगळलेल्या कागदासारखी होती. "गेल्या साली हातबत्ती पडून फुटली. जाळ जमिनीवरनं पळत आला. पाण्यासारका."

"बुधा, तू तुझं काम कर," चुरीसाहेब म्हणाले. मग भगवंतकडे वळून, "लक्ष देऊ नका. पंखे चालू आहेत. सेकंदाच्या हजाराव्या भागाचा उजेड तो, त्याने काय होतंय?"

भगवंतने हातातली वायर सोडली नाही, पण लावलीही नाही. उजेडाने काही होत नाही हे त्यालाही ठाऊक होतं. पण एकदा फ्लॅश दुरुस्त करायला म्हणून त्याने उघडला होता, तेव्हा बसलेल्या झटक्याने हात दोन दिवस बधिर होता. चार पेन्सिल सेलच्या त्या डबीत तीनशे व्होल्ट साठतात. आणि वायरची पिन सैल असली की अंधाऱ्या खोलीत तिच्या टोकाशी निळी ठिणगी दिसते, टाचणीच्या डोक्याएवढी. ती त्याने डोळ्यांनी पाहिली होती. झाडूवाल्याला हे माहीत असण्याचं कारण नव्हतं. त्याला फक्त वास कळत होता. तो वास आणि ही ठिणगी एकत्र आली तर काय होईल, ते भगवंतला स्पष्ट दिसलं.

"साहेब, मी इथे फ्लॅश मारणार नाही," तो म्हणाला.

"म्हणजे? तुम्हाला बोलावलं कशाला मग? मुंबईहून माणूस आणता येतो मला."

"आणा. पण त्यालाही हेच सांगा. हा माणूस खरं बोलतोय. या डबीत ठिणगी पडते, मी बघितलीय."

चुरीसाहेबांचा चेहरा लाल झाला. भगवंतने फ्लॅश पिशवीत घातला आणि बाहेर अंगणात नेऊन ठेवला. रागावलेले साहेब मागोमाग बाहेर आले होते. भगवंत शेडच्या भिंतीकडे बघत होता. उंचावर काचेच्या तीन खिडक्या होत्या, घट्ट बंद.

"साहेब, दहा मिनिटं द्या. कॅमेरा आत राहू दे, त्यात सेल नाही. उजेड बाहेरून, त्या मधल्या काचेतून टाकतो."

"जमेल?"

"कधी केलं नाही. बघू."

बुधा पाठीमागे येऊन उभा होता. "ती खिडकी नको," तो म्हणाला. "पंख्याची हवा तिकडं निघते. ही घ्या, दर्याकडली. वारा दर्यावरनं येतो, वास मागं जातो."

शिडी आणली. फ्लॅश कॅमेऱ्याला जोडायचाच नव्हता, त्यामुळे तो उडवायला माणूस लागणार होता. तिघे कामगार फोटोत हवे होते. "मी चढतो," बुधा म्हणाला. भगवंतने त्याला फ्लॅशच्या पाठीवरचं छोटं बटण दाखवलं. "लाल दिवा लागला की तयार. फ्लॅश काचेला टेकवून धर, नाहीतर उजेड परत फिरेल. मी आतून 'हो' म्हणून हात वर केला की दाब."

आत येऊन त्याने मनात भागाकार केला. खिडकी ते रिअ‍ॅक्टर पाच मीटर, काच थोडा उजेड खाणार. त्याने लेन्स चारवर उघडली. शटर अशा खुणेवर लावलं, की कॅमेऱ्याच्या बटणात बसवलेली तार दाबून धरली तोवर ते उघडं राहतं. मग तिसाची अडचणच उरत नाही. "हलू नका," त्याने तिघांना सांगितलं. तार दाबली, हात वर केला.

वरून लख्ख उजेड कोसळला आणि रिअ‍ॅक्टरची गोल बाजू चमकून गेली. भगवंतने तार सोडली. शटर मिटलं.

दुसऱ्या वेळी भगवंतचा हात वर जायच्या आधीच बुधाने बटण दाबलं. तिसऱ्या वेळी एका कामगाराला शिंक आली. आठ फोटो घेतले. शेवटच्या दोन वेळी तर बुधा शिडीवरूनच कामगारांना ओरडत होता, "ए, मान वर कर की!" चुरीसाहेब दाराशी उभे राहून बघत होते.

त्याच संध्याकाळी भगवंतने रोल धुतला. आठातले तीन फोटो चांगले निघाले. एका बाजूने आलेल्या उजेडाने ते पिंप खरोखर गोल दिसत होतं; समोरून फ्लॅश मारला असता तर ते ताटासारखं सपाट आलं असतं. माणसांच्या चेहऱ्यांनाही उठाव आला होता. भगवंत डार्करूमच्या लाल दिव्याखाली बराच वेळ त्यातल्या एका फोटोचा ओला कागद धरून बसला. लग्नात डोळे दिपवणारा फ्लॅश समोरून मारण्यापलीकडे आपल्याला काही सुचलं कसं नाही, असं त्याला वाटलं.

प्रिंट घेऊन तो कारखान्यात गेला तेव्हा चुरीसाहेबांनी फोटो उजेडात धरून पाहिला. "कव्हर झालं," ते म्हणाले. मग खालच्या आवाजात म्हणाले, "शेडच्या दारावर पाटी लावायला सांगितलीय. कॅमेरा, बॅटरी, काही आत न्यायचं नाही. मला आधीच कळायला हवं होतं."

"बुधाला सांगा ते," भगवंत म्हणाला.

"सांगितलं."

पुढल्या रविवारी सकाळी बुधा बायकोला, तानीला, घेऊन स्टुडिओत आला. तानीने नवं लुगडं नेसलं होतं आणि ती कॅमेऱ्याकडे संशयाने बघत होती.

"हिला फोटो काढायचाय," बुधा म्हणाला.

"मला नाय, ह्यालाच," तानी म्हणाली.

भगवंतने दोघांना बाकावर बसवलं. पहिल्या उजेडाला तानीने डोळे गच्च मिटले. दुसऱ्यालाही मिटले. मग भगवंतने वायर तशीच ठेवून फ्लॅश कॅमेऱ्यावरून काढून हातात घेतला आणि त्याचं तोंड चुन्याच्या पांढऱ्या छताकडे केलं. लेन्स आणखी थोडी उघडली, कारण वरून परतून येणारा उजेड कमी पडतो.

"वर बघू नका, माझ्याकडे बघा," तो म्हणाला.

"आरं, ह्यो तर चुन्याला मारतोय बत्ती," तानी बुधाला म्हणाली आणि हसली. तेवढ्यात भगवंतने बटण दाबलं.