तापात फिरवलेला मुद्गल

मित्रांनो, व्यायामशाळेच्या कोपऱ्यात धूळ खात उभा असलेला हा जाड बुडाचा शिसवी मुद्गल म्हणजे मी. ठाण्यात, टेंभी नाक्यामागच्या गल्लीत माझं आयुष्य गेलं. माणूस मी त्याच्या मुठीवरून ओळखतो. बढाईखोराची मूठ आधी आवळते, मग घामेजते आणि शेवटी मला पायावर पाडून घेते. वर "मुद्गलच वाकडा आहे" म्हणायला मोकळी!

कोलशेतच्या कारखान्यातला उत्तम पहिल्या दिवशी तसाच होता. दुसऱ्या दिवशी त्याला शर्टाची बटणं लावता येईनात.

"वस्ताद, अंग मोडलंय!"

"मोडणारच. आज झोप काढ," भिवाजी वस्ताद म्हणाले. "मेहनतीने मोडतं ते झोपेत भरतं, लेका."

आणि भरलं की! तळहातांना घट्टे पडले, दंड फुगले. मुठीतून मला ऐकू येणारी त्याची धडधड हळूहळू संथ झाली. मी होतो तेवढाच होतो, तो मात्र मला थोपटून म्हणायचा, "हलका झालास रे!" माझ्याशी बोलणारा तेवढाच एक.

एकोणनव्वद सालच्या हनुमान जयंतीला सगळ्यांसमोर त्याने मला फिरवायचं ठरलं. आदल्या संध्याकाळी तो सरावाला आला, तर मूठ तव्यासारखी तापलेली. मला उचलायच्या आधीच नाडी धावत होती.

त्याची आई, गोदूबाई, दारातूनच ओरडली, "अरे, अंगात ताप आहे तुझ्या! घरी चल मुकाट्याने."

"घाम आला की उतरतो गं ताप. इथे सगळे असंच करतात."

वस्तादांनीही त्याच्या कपाळाला आखाड्याची माती लावली. "घे मारुतीचं नाव!"

मला ओरडता येत नाही, मित्रांनो. थोड्याच फेऱ्यांत ती मूठ गार पडली. मी सुटलो आणि पाठोपाठ उत्तम कोसळला.

"डॉक्टर म्हणतात, तापात काळीज आधीच पळत असतं," वस्ताद नंतर सगळ्यांना सांगत होते. आवाज खाली गेला होता. "आपण त्याला आणखी पळवलं. सूज आलीय काळजाला."

दिवाळीनंतर, डॉक्टरांनी मोकळीक दिल्यावर उत्तम आला. घट्टे गेले होते, दंड ओसरले होते. त्याने मला जेमतेम गुडघ्यापर्यंत उचललं.

"काय पैलवान, मुद्गलाने बाळसं धरलं वाटतं?" त्याच्यासोबत व्यायाम करणारा पोपट फिदीफिदी हसला. मागून बाकीचेही हसले.

"लहान मुद्गल घे, उत्तम. अंग पुन्हा भरतं," वस्ताद म्हणाले.

उत्तमने मला अलगद खाली ठेवलं. "उद्या येतो," म्हणाला. आला नाही.

पुढे लोखंडी यंत्रं आली, भिंतभर आरसे आले. आता पोरं आरशाशीच बोलतात. दार वाजलं की मी अजून पावलं ऐकतो.

म्हणून सांगतो, मित्रांनो, अंगात ताप असेल तेव्हा मला कोपऱ्यातच राहू द्या. बरे झालात की हलक्यापासून सुरुवात करा. आणि आजारातून उठून कुणी परत आला, तर त्याला हसू नका. उत्तम तापातून वाचला होता. माझ्यापासून त्याला त्या हसण्याने तोडलं.