गायरान इलेव्हन

"क्लब म्हंजे काय टमाट्याचं क्रेट हाय का? ज्यानं बोली लावली त्यानं उचललं!" सुदर्शन कपातला चहा तसाच ठेवून ओरडला.

२००५ सालचा ऑगस्ट. घोडेगाव रस्त्यावरच्या बयाबाईच्या हॉटेलात शनिवारी संध्याकाळी आम्ही टीव्हीसमोर जमलो होतो. इंग्लंडमधली फुटबॉलची लीग नुकतीच सुरू झाली होती. मँचेस्टरचा क्लब त्याच उन्हाळ्यात एका अमेरिकन माणसाने विकत घेतला होता आणि त्याचं सुतक सुदर्शनने आमच्या गावात पाळलं होतं. तीन महिने त्याने लाल जर्सी अंगाला लावली नव्हती.

"तुज्या बापाचं काय जातंय?" पप्पू म्हणाला. "मालक कोणी का आसंना, म्याच दिसली म्हंजे झालं. आन् तुज्या त्या जर्सीवं कंपनीचंच नाव हाय की पयल्यापास्नं."

"नाव येगळं, मालक येगळा. नाव धुतलं की जातं."

कोपऱ्यात खांद्यावर घोंगडी टाकून राघू बसला होता. त्याचं लक्ष खेळाडूंकडे कधीच नसायचं. तो मैदान बघायचा. "गवत झ्याक राखलंय," तो म्हणाला. "पर राव, येवढ्या रानात एक लेंडी दिसंना. कुणाची मेंढरं बसवत्यात तिथं?"

सगळं हॉटेल हसलं. मीही हसलो. राघूला हसणं ही आमची जुनी सवय होती.

खरं तर त्याच्याशिवाय आमचा क्लब उभाच राहिला नसता. 'गायरान इलेव्हन' काढला १९९१ साली, फौजेतून परतलेल्या हौशीराम हवालदारांनी. गायरान म्हणजे नुसती कुसळं आणि दगड. राघू दिवाळीनंतर मेंढरं घेऊन कोकणात उतरायचा आणि पावसाच्या तोंडावर परत यायचा. आल्या आल्या शेतकरी त्याच्या मागे लागायचे. मेंढरं रानात बसवली की लेंड्यांनी रान कसदार होतं, आणि मेंढपाळाला बदल्यात धान्य मिळतं. पण राघूच्या पहिल्या तीन रात्री गायरानाच्या, आणि त्या फुकट. मग पावसाळाभर रोज सकाळी तो कळप या गोलपासून त्या गोलपर्यंत चारत न्यायचा आणि मागून स्वतः वाकून बोरीचे काटे वेचायचा. आम्ही अनवाणी खेळायचो. चौदा वर्षांत एकाच्याही पायात काटा मोडला नाही. त्याला ऑफसाइड काही शेवटपर्यंत कळला नाही, पण मलाही तो उशिराच कळला आणि मी तर गोलकीपर होतो.

त्याच श्रावणात नारायणगावच्या एका बियाण्यांच्या कंपनीने आमचा क्लब घ्यायची तयारी दाखवली. नाव सांगत नाही. त्यातले साहेब अजून रस्त्यात ओळख देतात. बूट, जर्सी, कोच, पुण्याच्या लीगमध्ये प्रवेश, सगळं त्यांचं. गायरानाला तारेचं कुंपणही तेच घालणार होते, ग्रामपंचायतीने तसा ठराव दिला होता. बदल्यात क्लबला कंपनीचं नाव. बयाबाईच्या टीव्हीतला वाद आमच्या दारात येऊन उभा राहिला.

मी पंचायत समितीत कारकून, म्हणून क्लबचा सेक्रेटरी. कागद वाचायचं काम माझं. कागदात दहा कलमं होती. सातवं असं होतं की मैदानावर कोणतंही जनावर येणार नाही, गवत यंत्राने कापलं जाईल.

आमच्याकडे निर्णय मैदानावरच व्हायचा. सगळ्यांनी गोलपाशी गोल करून बसायचं आणि हात वर करायचा. एक जरी हात खाली राहिला तरी विषय बाद, हा हवालदारांचा नियम. खेळणाऱ्यांइतकाच राघूचाही हात मोजला जायचा.

मी सहावं कलम वाचलं आणि सरळ आठव्यावर गेलो.

मला पुण्यात खेळायचं होतं. एकतिशी उलटली होती, आणखी किती वर्षं उरली होती? माणूस स्वतःला अशा वेळी बरंच काही समजावतो. आधी हात वर होऊ देत, राघूला नंतर सांगू, असं मी ठरवलं.

मँचेस्टरचं सुतक पाळणाऱ्या सुदर्शनने कंपनीने नमुन्याला पाठवलेल्या, पोत्यावर मांडलेल्या बुटांतले आठ नंबरचे बूट पायात घालून पाहिले, चार पावलं चालला आणि हात वर केला. एकेक करत सगळे हात वर झाले. राहिला राघू.

"बूट समद्यांना देणार का?" त्याने मला विचारलं.

"समद्यांना."

"जे बाहीर बसत्यात त्यांनाबी?"

"हो."

त्याने घोंगडी सावरली आणि हात वर केला. पोरांनी शिट्ट्या मारल्या. मला मात्र त्याच्याकडे बघवेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याच्या मेंढरांच्या वाड्यावर गेलो. त्याची बायको रतनबाई कोकरांना पाजत होती. राघूने बसायला घोंगडी टाकली.

"राघूभाऊ, काल एक कलम वाचायचं राहिलं."

"सातवं," तो म्हणाला.

मी मान वर करून त्याच्याकडे बघितलं.

"रोज सांजच्याला दीडशे मेंढरं मोजतो मी, सेक्रेट्री. मधलंच येक गेलं तर मला कळायचं न्हाई व्हय?" त्याचा आवाज जराही चढला नव्हता. "तो सायब गायरान बगाया आला व्हता ना, त्यानं लेंडीत पाय पडल्यावं रुमालानं बूट पुसला. तवाच वळाखलं म्या."

"मग हात का वर केला? तू नाही म्हणाला असतास तर—"

"तर पोरं बाहीरगावी अनवाणीच खेळाया गेली आसती. लोक हासली आसती त्यास्नी." त्याने एक कोकरू रतनबाईकडे सरकवलं. "माज्यावं हासत्यात ते चालतंय. मला सवय हाय."

मला वाटलं, त्याने एक शिवी हासडायला हवी होती. मग मला घरी जाता आलं असतं. रतनबाईने दूध दिलं, ते मी प्यायलो आणि माफीसुद्धा न मागता उठून आलो.

कंपनी तीन वर्षांनी निघून गेली. तोवर आम्ही पुण्यात बरेच सामने हरलो आणि थोडे जिंकलो. ते सामने आता मला एकमेकांत मिसळलेले आठवतात. लख्ख आठवतो तो दसऱ्यानंतरचा पहिला सामना, आमच्याच गायरानावरचा. कुंपण झालं होतं, फाटकावर वॉचमन होता, आणि आत जायला पास लागत होता. राघूला पास द्यायचं कुणालाच सुचलं नाही. पास वाटले होते मी.

तो एकटाच आला होता, डोक्याला धुतलेलं पागोटं बांधून. नव्वद मिनिटं तारेबाहेर उभा राहिला. आम्ही दोन-एकने जिंकलो.

पाहुणे गेले, खुर्च्या उचलल्या, तेव्हा वॉचमनने फाटक सोडलं. राघू आत आला. वहाणा त्याने बाहेरच काढल्या होत्या. बुटांच्या खिळ्यांनी मैदान जागोजागी उकरलं होतं, गवताची ढेकळं उलटी पडली होती. तो एकेक ढेकूळ सुलटं करायचा, खळग्यात बसवायचा आणि टाचेने दाबायचा. मी गोलपाशी बुटांच्या नाड्या सोडत बसलो होतो. दाबत दाबत तो माझ्यापर्यंत आला आणि थांबला. मला वाटलं, आता काहीतरी बोलेल.

"जरा सरक, सेक्रेट्री," तो म्हणाला. "तुज्याखाली येक हाय."

मी सरकलो.