जेवणाच्या वेळचं गाणं

मुलांनो, क्षणभर असं समजा, की तुम्ही चार महिने गिटारवर तीनच कॉर्ड घोटले आहेत. बोटांची टोकं आधी लाल झाली, मग दुखली, मग त्यांना घट्टे पडले. आणि वाजवायच्या दिवशी हातात कार्यक्रमपत्रिका येते, तर तुमचं नाव नेमकं अशा वेळेला छापलेलं, की तेव्हा हॉलमध्ये चिटपाखरूही उरणार नाही. काय वाटेल तुम्हाला? रडू येईल? आन्याला रडू आलं नाही. तिचे कान तापले.

दहा वर्षांची आन्या सबनीस मिशिगनमध्ये नोव्हायला राहायची. साल होतं २००८. महाराष्ट्र मंडळाने गणपतीसाठी शाळेचा हॉल भाड्याने घेतला होता. पत्रिकेत चौदाव्या नंबरवर लिहिलं होतं: 'नंदा सबनीस, अभिनेत्री. सोबत आन्या. वेळ साडेबारा.' साडेबाराला काय असतं, हे मंडळातलं रांगतं पोरही सांगेल. साडेबाराला मसालेभात असतो. मग स्टेजवर साक्षात सरस्वती उतरली तरी लोक ताटांच्या रांगेत. ज्याला नाही म्हणता येत नाही, पण ज्याचं ऐकायचंही नसतं, त्याला ही वेळ द्यायची, अशी मंडळाची जुनी रीत होती. आणि पत्रिका दरवर्षी एकच माणूस करायचा: पुरुषोत्तम सबनीस. आन्याचे आजोबा, नंदाचे सख्खे वडील.

"आजोबा, धिस इज सो मीन!" आन्या त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिली.

"मीन नाही बाळा, टाइमटेबल आहे," आजोबा चष्मा पुसत म्हणाले. "कुणाला तरी साडेबाराला बसवावंच लागतं."

"मग त्या बॉलिवूड डान्सला बसवा ना!"

"त्यात अठरा पोरं आहेत. अठरा पोरांचे छत्तीस आईबाप. मला काय जोडे खायचेत?"

आता ही नंदाआत्या कोण, ते ऐका. ती चार वर्षांची असताना आजोबा गाड्यांच्या कारखान्यात इंजिनियर म्हणून इथे आले. तिच्या शाळेच्या बसचा ड्रायव्हर दिवसभर रेडिओवर कंट्री गाणी लावायचा. नांगरलेली शेतं, लांबच लांब रस्ते, घर सोडून गेलेली माणसं. ती गाणी पोरीच्या अंगात भिनली. कॉलेजच्या तिसऱ्या वर्षी इंजिनियरिंग सोडून ती कंट्री गाण्यांचं माहेरघर असलेल्या नॅशव्हिलला गेली. "गुराख्यांची गाणी गायला आम्ही साता समुद्रापलीकडे आलो का?" असं म्हणून आजोबांनी सहा महिने फोन घेतला नाही.

नंदा तिथे हॉटेलात बशा उचलायची आणि संध्याकाळी गायची. अशी दहा वर्षं गेली. २००१ च्या उन्हाळ्यात तिची पहिली सीडी तयार झाली, एक गाणं रेडिओवर वाजूही लागलं. मग तो सप्टेंबर आला. न्यूयॉर्कचे मनोरे पडले आणि काळ्यासावळ्या चेहऱ्यांकडे लोक वळूनवळून बघू लागले. सीडी काढणाऱ्या कंपनीच्या साहेबाने तिला बोलावलं. म्हणाला, नाव बदल, नॅन्सी ठेव. आणि कव्हरवर फोटो नको. नंदा म्हणाली, "गाणं माझं, तर तोंडही माझंच." सीडीची खोकी गोदामातच राहिली.

पोटासाठी मग ती टीव्हीवर कामं करू लागली. कधी मोटेलच्या काउंटरवरची बाई, कधी टॅक्सीवाल्याची बायको. २००४ मध्ये एका मालिकेत दिग्दर्शक म्हणाला, "अॅक्सेंट आण जरा." मिशिगनमध्ये वाढलेल्या पोरीने अॅक्सेंट कुठून आणायचा? तिने तिला ठाऊक होता तोच आणला, आपल्या वडिलांचा. तीच अडखळ, तोच ठसका, वाक्याच्या शेवटी तेच 'नो?'. चार वाक्यांवर अख्खा देश हसला. इकडे नोव्हायच्या दिवाणखान्यात आजोबांनी टीव्ही बंद केला आणि पुन्हा तिचं एकही काम बघितलं नाही.

राग आजोबांचाही खरा होता, मुलांनो. हे मी लपवणार नाही.

आता नंदाने त्यांच्यावरच गाणं लिहिलं होतं. पहिल्या हिवाळ्यात बर्फ खरवडायला काही नव्हतं, म्हणून पहाटे स्वयंपाकघरातलं उलथनं घेऊन गाडीची काच साफ करणारा माणूस, असं गाणं. त्यात कुणाची नक्कल नव्हती. ते त्यांनी समोर बसून ऐकावं, एवढ्यासाठी ती नॅशव्हिलहून नऊ तास गाडी चालवत आली होती. सोबतीला आन्याचे तीन कॉर्ड.

सव्वाबाराला स्टेजच्या पायरीपाशी बापलेक समोरासमोर आले.

"अप्पा, मुद्दाम केलंत ना?"

"टीव्हीवर मला विकलंस, ते काय चुकून?"

"चार वाक्यं होती, अप्पा!"

"चारही माझी होती. ऑफिसात पोरं माझ्या पाठीमागे म्हणायची ती. रिटायर होईपर्यंत."

नंदाचा चेहरा उतरला. हे तिला ठाऊक नव्हतं. "मला एकदा तरी फोन करून शिव्या द्यायच्या होत्यात," ती म्हणाली. "चार वर्षं गप्प बसलात, आणि आता या लेकराला मसालेभातापुढे बसवता? माझ्यावर राग आहे ना, मग माझ्यावर काढा!"

आजोबांनी आन्याकडे बघितलं. एवढ्यात निवेदन करणाऱ्या सुलभाकाकूंनी माइक घेतला. "मंडळी, मसालेभात गरमागरम आहे! आणि सोबत आपल्या नंदाचं गाणं!"

खुर्च्या करकरल्या. दोनशे माणसं उठली. कुणीतरी जाताजाता म्हणालं, "नंदा, तू चालू ठेव हं. जेवताना बॅकग्राउंडला छान वाटतं!"

स्टेजवर आन्याशेजारी उभ्या नंदाने एक सूर छेडला. खाली पहिली रांग रिकामी, दुसरी रिकामी. आजोबा रांगेत सगळ्यांत पुढे, हातात कागदाची ताटली. वडीलधाऱ्यांना आधी वाढायची पद्धत ना! त्यांनी मान वळवून बघितलं नाही.

नंदाने सूर तोडला. गिटार पेटीत ठेवली आणि झाकण दाणकन लावलं. "चल आन्या. पुरे झालं. नऊ तास परत जायचंय मला."

ती गेली, की आजोबा ते गाणं कधीच ऐकणार नव्हते. पुढच्या वर्षीही नाही, त्याच्या पुढच्याही नाही. दोघंही तितकेच हट्टी, हे घरातल्या सगळ्यांत लहान माणसाला पक्कं ठाऊक होतं.

"आत्या, डोंट यू डेअर!" आन्या ओरडली. तिने स्वतःची छोटी गिटार स्टेजवर आडवी ठेवली, उडी मारली आणि लोकांच्या कोपरांखालून घुसत रांगेच्या तोंडाशी पोचली. आजोबांच्या हातातली ताटली तिने ओढून घेतली.

"अगं, भात—"

"नो भात!"

सगळ्यांसमोर मनगट धरून तिने त्यांना पहिल्या रांगेत आणलं आणि मधल्या खुर्चीत बसवलं. ते उठायला लागले. स्टेजवर नंदा पेटीच्या कडीवर हात ठेवून थांबली होती. आन्याने एकदा स्टेजवरच्या आपल्या गिटारकडे बघितलं. चार महिन्यांचे तीन कॉर्ड. आपण तिथे गेलो, की आजोबा इथून उठणार.

मग ती वळली, सहा वर्षांची झाल्यापासून कधी बसली नव्हती त्या आजोबांच्या मांडीवर सगळा भार टाकून धपकन बसली, खुर्चीचे दोन्ही हात घट्ट पकडले आणि स्टेजकडे बघून म्हणाली, "नाऊ सिंग, आत्या."