पयस्विनीवरचे दोघे

कुरवंड्याच्या हौशीरामने पस्तीस वर्षं एक थाप पचवली होती. नौदलात भरती झाल्यावर पहिल्याच सुट्टीत त्याने गावात ठोकून दिलं, आपण लढाऊ जहाजावर असतो. लढाऊ कसलं! जहाज होतं ‘पयस्विनी’, भर समुद्रात इतर जहाजांना डिझेल आणि पाणी पुरवणारं. त्याच जहाजाच्या इंजिनखोलीत गावचाच केरबा ओव्हाळही होता. केरबाने खरं ते सांगितलं, आणि गावाने त्याचं नाव ‘रॉकेलवाला’ ठेवून दिलं. हौशीराम त्या नावाला सगळ्यांबरोबर दात काढून हसला. केरबाने मात्र त्याचं बिंग कधी फोडलं नाही.

यंदा पयस्विनी निवृत्त झाली. तिच्या सेवेचा इतिहास पुस्तिकेत छापून जुन्या खलाशांना घरपोच आला. हौशीराम ओसरीवर चष्मा लावून वाचत बसला. चक्रीवादळानंतर किनाऱ्यावर नेलेलं गोडं पाणी, तीन वेळा बदललेली इंजिनं, सगळं होतं. बाविसाव्या पानावर त्याचा हात थांबला. खवळलेल्या समुद्रात दुसऱ्या जहाजाला तेल देताना पाइप फुटला, तेव्हा केरबा ओव्हाळ यांनी डिझेलने निथळत व्हॉल्व्ह बंद केला, असं तिथे लिहिलं होतं. हौशीराम तेव्हा तिथेच होता. तो शिडीवरून पळाला होता.

आणि हाच प्रसंग तो दर सव्वीस जानेवारीला शाळेत पोरांना रंगवून सांगायचा. फक्त डिझेलच्या जागी तोफगोळे असायचे आणि केरबाच्या जागी तो स्वतः. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

या सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झाल्यावर त्याने पुस्तिका उघडली आणि ते पान जसंच्या तसं वाचून दाखवलं. पळालो तो मी, हेही सांगितलं. सरपंच खाली बघू लागले, पोरं खाऊची वाट बघत राहिली. हौशीराम तडक केरबाच्या दारात गेला. केरबा अंगणात वाल सोलत होता.

“केरबा, आज समद्यांम्होरं खरं सांगितलं. तुजं नाव घेतलं.”

“बरं केलंस.”

“मला माफ कर गड्या.”

केरबाने हातातली शेंग सोलून संपवली. “माजं काय न्हाई रं. माज्या पोरानं, विक्कीनं बारावीनंतर नेव्हीचा फॉर्म भरला व्हता. पारावर पोरं म्हनली, बापावानी रॉकेल वाटाया चाललाय. घरी येऊन त्यानं फॉर्म चुलीत घातला. आता नवलाख उंबरं गावाला कंपनीत खोकी उचलतोय. माज्याशी धड बोलत बी न्हाई.”

हौशीराम त्याच्यासमोर खाली बसला.

“त्या दिवशी पारावर तू बी बसलावतास,” केरबा म्हणाला. “मी लांबनं बघत व्हतो. वाटलं, लेकराचा पिरश्न हाय, आज तरी हौश्या बोलंल.”